मास्तरांचा डावा हात

आमच्या इमारतीत सिस्टरांना सिस्टर न म्हणणारा माणूस सापडायचा नाही. दूधवाला म्हणतो, कुरिअरवाला म्हणतो, आणि त्यांचे यजमान होते तोवर तेही म्हणायचे. तिसऱ्या मजल्यावरून "सिस्टर, चहा मिळेल का?" अशी हाक आली की नव्या भाडेकरूंना वाटायचं, वर दवाखाना आहे. बायकोला कुणी सिस्टर म्हणतं का, असं एकदा कुणीतरी त्यांना सुनावलं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "ती मला मास्तर म्हणते. मी तिला कुठल्या शाळेत शिकवलंय?"

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. कोपऱ्यावरच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं, दोन मशिनं आणि एक लांब टेबल मावेल एवढं. माणूस पक्का डावखुरा. कात्रीसुद्धा डाव्या हाताची, खास करवून आणलेली. दुसऱ्या कुणी ती हातात घेतली की ती कापड कापायची नाही, चावायची. दुकानातली ही एकच वस्तू कधी चोरीला जाणार नाही, असं मास्तर अभिमानानं सांगायचे.

एका सकाळी पँटचं कापड कापताना त्यांचा तो डावा हात मध्येच थांबला. कात्री कापडात तशीच अडकून राहिली. इस्पितळात नेलं तेव्हा कळलं, मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती आणि शरीराची डावी बाजू गेली होती. हात गेला, पाय गेला, तोंड थोडं वाकडं झालं. बोलणं जड झालं, पण थांबलं नाही. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलले ते असं, की गिऱ्हाईकाला सांगा, एक पाय तयार आहे.

सिस्टर त्या वेळी मोठ्या इस्पितळात एका वॉर्डच्या इन्चार्ज होत्या. निवृत्तीला सहा वर्षं होती. नोकरी सोडणं शक्य नव्हतं. एकुलता एक मुलगा दुसऱ्या शहरात विमा कंपनीत, महिन्यातून दोन दिवस यायचा. मग दिवसभरासाठी एक मावशी ठेवल्या. मावशी अंगानं दणकट, स्वभावानं प्रेमळ, आणि अक्षरशत्रू. पहिल्याच दिवशी त्यांनी मास्तरांना मोठ्या मायेनं डाव्या दंडाला धरून उठवलं. लुळ्या हाताला धरून ओढलं की खांदा निसटतो. तीस वर्षं वॉर्डात नवख्या पोरींना जे करू नका म्हणून सांगितलं, ते सिस्टरांच्या स्वतःच्या घरात घडलं. मावशींना बोलून उपयोग नव्हता, कारण सांगितलेलं त्यांच्या डोक्यात दुपारपर्यंत टिकायचं. लिहून ठेवूनही उपयोग नव्हता.

तेव्हा सिस्टरांनी चित्र काढलं.

कागद घरात मुबलक होता. मास्तरांचा खाकी कागद, ज्यावर ते शर्टाच्या, कॉलरच्या बेतण्या काढायचे. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं एक पलंग, पलंगावर मास्तर, आणि त्यांच्या खांद्याखाली हात घातलेल्या मावशी. चित्रकला सिस्टर कुठं शिकल्या नव्हत्या. पण माणसाचं अंग कुठं वाकतं आणि कुठं वाकत नाही, हे त्यांच्या हातांना पाठ होतं. जे कमी पडायचं ते मास्तर पडल्या पडल्या दुरुस्त करायचे. "मुंढा अर्धा इंच खाली घे. एवढ्या वर खांदा असलेला माणूस मी उभ्या आयुष्यात मापला नाही." सिस्टर खोडरबर घ्यायच्या. आपण आजारी माणसाची चित्रं काढतोय की शर्ट शिवतोय, असं त्यांना कधी कधी वाटायचं, असं त्या सांगतात.

मास्तरांची एकच अट होती. पहिल्या चित्रात सिस्टरांनी चेहऱ्याच्या जागी नुसता गोल काढला होता, नर्सिंगच्या पुस्तकात असतो तसा. तो बघून मास्तर म्हणाले, "हा कोण? ह्याला तोंड नाही. उद्या मावशी मलाही तोंड नसल्यासारखं वागवतील." तेव्हापासून प्रत्येक चित्रात मास्तरांचा चेहरा आला, जाड भुवया आणि मिशांसकट. कुशीवर वळवताना ते कंटाळलेले आहेत. शर्ट घालताना, लुळा हात आधी बाहीत घालायचा हे दाखवणाऱ्या चित्रात, ते शिलाईकडे संशयानं बघताहेत. आंघोळीच्या चित्रात डोळे मिटून घेतलेत. आणि उजव्या हातात कप धरून स्वतः चहा पितानाच्या चित्रात ते समोरच्याकडे असं बघताहेत, की बघणाऱ्यानं विचारावं, साखर कमी झाली का?

साडेपाच वर्षांत शहाऐंशी चित्रं झाली. पाठीला जखम होऊ नये म्हणून उशा कुठं ठेवायच्या, घास कुठल्या गालात द्यायचा, पलंगावरून खुर्चीत कसं बसवायचं. मावशींनी ती भिंतीवर ओळीनं टाचली होती आणि रोज त्याप्रमाणे करायच्या. त्या साडेपाच वर्षांत मास्तरांच्या पाठीवर एकही जखम झाली नाही. हे सिस्टर फार हळू आवाजात सांगतात, पण सांगतात.

मास्तर गेले, मावशी त्यांच्या गावी गेल्या, चित्रं पत्र्याच्या ट्रंकेत गेली. मुलगा बदली घेऊन इथंच आला आणि दर रविवारी येऊ लागला. सिस्टर निवृत्त झाल्या आणि आठवड्यातून एक दिवस परिचारिकांच्या शाळेत शिकवायला जाऊ लागल्या. एकदा त्यांनी सहज चार चित्रं वर्गात नेली. पोरींनी फोनवर त्यांचे फोटो काढले. महिनाभरात ते फोटो इतक्या जणींच्या फोनमधून फिरून आले की मास्तरांचा चेहरा पुसट झाला आणि एका चित्रात तर पायच कापले गेले. तिथल्या ग्रंथपाल बाई काळजीच्या स्वभावाच्या. पुस्तकाचं पान दुमडलेलं दिसलं तर त्यांना जेवण जात नाही. त्यांना हे बघवेना. त्या घरी आल्या, ट्रंक उघडायला लावली, आणि सगळी चित्रं नीट स्कॅन करून मुक्त परवान्याखाली इंटरनेटवर ठेवू या, असं म्हणाल्या.

मुक्त परवाना म्हणजे काय, हे त्यांनी सिस्टरांना समजावलं ते मला आवडलं. दार उघडं ठेवायचं, पण दारावर पाटी लावायची. घर कुणाचं, आत येऊन काय केलेलं चालतं आणि काय चालत नाही. म्हणजे येणाऱ्यानं दर वेळी बेल वाजवून विचारायला नको. जगात कुठल्याही कोपऱ्यात ज्याच्या घरी असा माणूस पडून आहे, त्यानं चित्रं घ्यावीत, छापावीत, भिंतीला लावावीत. फक्त काढणाऱ्याचं नाव सांगावं.

सिस्टरांनी लगेच मान हलवली. मुलानं हलवली नाही.

मुलगा विम्यातला. अटी वाचणं हा त्याचा धंदा आणि स्वभावही. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर तो शेवटपर्यंत वाचतो, मग औषध घेतो, तोवर खोकला निम्मा गेलेला असतो. त्यानं परवाना दोनदा वाचला आणि बोट एका ओळीवर ठेवलं. एकदा दिलेला परवाना परत घेता येत नाही. आपण चित्रं काढून टाकली, तरी ज्यांनी ती घेतली त्यांच्याकडे ती राहणार, आणि ते पुढे देणार.

त्याचं म्हणणं असं होतं, की ही चित्रं नाहीत, हे बाबा आहेत. उघडे, लुळे, दुसऱ्याच्या हातून आंघोळ करणारे. ते कुणीही बघायचे? वर बदल करायची मुभा द्यायची म्हणजे त्यांना कुणीही काहीही करायचं? उद्या एखाद्यानं गंमत म्हणून बाबांच्या तोंडावर मिशा काढल्या तर?

"मिशा आहेतच," सिस्टर म्हणाल्या.

तो हसला नाही. चेहरे पुसून टाक, मग दे, असं त्यानं सुचवलं. सिस्टरांनी ते उडवून लावलं. तोंड नसलेली चित्रं पुस्तकात हवी तेवढी आहेत, म्हणाल्या, त्यासाठी मास्तरांनी साडेपाच वर्षं माझ्या चुका काढल्या नाहीत. शेवटी ग्रंथपाल बाईंनी मधला मार्ग काढला. परवान्यात एक चौकट असते, 'बदल करू नये' अशी. ती निवडली तर चित्रं सर्वांना वापरता येतील, पण बदललेलं चित्र कुणाला पुढे देता येणार नाही. मुलगा म्हणाला, एवढं असेल तर ठीक. आणि त्यानं आईकडून शब्द घेतला, की ही अट त्याला विचारल्याशिवाय कधीही काढायची नाही. सिस्टरांनी दिला. काढणाऱ्याच्या नावाच्या जागी त्यांनी लिहिलं, 'सिस्टर आणि मास्तर'.

चित्रं गेली आणि खरोखर फिरली. कुठकुठल्या भाषांत दोन-दोन ओळींची पत्रं यायची. ग्रंथपाल बाई ती कशीबशी उलगडून वाचून दाखवायच्या. एका इस्पितळानं आपल्या लांबलचक बोळात शहाऐंशीच्या शहाऐंशी लावली. कुणा अभ्यासकानं प्रबंधात घेतली आणि खाली नाव घातलं, 'सिस्टर व मास्तर', जणू दोघं मोठे शास्त्रज्ञ. ते वाचून सिस्टर म्हणाल्या, मास्तरांना सांगायला हवं होतं, शास्त्रज्ञांचे कोट फार ढगळ असतात म्हणायचे.

असं वर्षभर चाललं. मग ते पत्र आलं.

पत्र एका बाईचं होतं. वडिलांना अर्धांग झालेला, ती एकटी सांभाळत होती. तिनं मनापासून आभार मानले होते आणि मग लिहिलं होतं, की चित्रात दाखवल्याप्रमाणे तिनं पलंगाच्या उजव्या अंगाला खुर्ची लावली आणि वडिलांना उठवलं. ते उजवीकडेच कोसळले. तिनं दंड धरून सावरलं तेव्हा खांद्यातून आवाज आला. आता महिनाभर हात बांधून ठेवलाय. तिच्या वडिलांची उजवी बाजू गेलेली होती. चित्रांतल्या माणसाची डावी गेलीये, हे तिच्या लक्षात यायला आणखी तीन दिवस लागले. घरापुरती तिनं चित्रं आरशासारखी उलटी करून घेतली होती. पण तिच्या ओळखीत अशी वीस-पंचवीस घरं होती, आणि परवान्याप्रमाणे उलटी केलेली चित्रं त्यांना देता येत नव्हती. परवानगी मिळेल का, एवढंच विचारलं होतं. दोष दिला नव्हता.

दोष द्यायला सिस्टर होत्या. त्या दोन दिवस खाली उतरल्या नाहीत. मी वर गेलो तर शहाऐंशी चित्रं जमिनीवर पसरून मध्ये बसल्या होत्या. तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. पेशंट ताब्यात घेताना पहिला प्रश्न, कुठली बाजू? हे त्यांनी किती पोरींकडून घोकून घेतलं असेल. आणि त्यांच्या एकाही चित्रावर बाजू लिहिलेली नव्हती. मावशींसाठी काढलेल्या चित्रांत ती लिहायची गरजच नव्हती. घरात एकच माणूस होता आणि त्याची एकच बाजू गेली होती. साडेपाच वर्षं रोज तेच बघून त्यांच्या हातांना वाटू लागलं होतं, अर्धांग म्हणजे डावं.

मी म्हटलं, सिस्टर, सरळ परवानगी देऊन टाका, चित्रं तुमची आहेत. त्यांनी माझ्याकडे वॉर्डातल्या नजरेनं पाहिलं. शब्द दिलाय, म्हणाल्या. आणि रविवारी मला वर थांबायला सांगितलं. का ते सांगितलं नाही. पडलं कुणी तर दुसरं माणूस हवं, एवढंच म्हणाल्या.

रविवारी मुलगा आला. त्यानं पत्र वाचलं, आणि पुन्हा वाचलं. मग त्याच्या सवयीप्रमाणे वाटा शोधायला लागला. चित्रांखाली सूचना लिहू या. सिस्टर म्हणाल्या, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठीच चित्रं आहेत. मग तू दुसरी काढ, उजवी बाजू गेलेल्या माणसाची. सिस्टर म्हणाल्या, मास्तर असते तर काढली असती, आता मुंढा कोण दुरुस्त करणार? मग तो म्हणाला, चित्रं तुझी आहेत आई, मला कशाला विचारतेस?

"चित्रं माझी. बाप तुझा," सिस्टर म्हणाल्या. "पलंगावर झोप जरा."

चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, रविवारचा इस्त्रीचा शर्ट घातलेला तो गृहस्थ आईचं ऐकून निमूटपणे बापाच्या पलंगावर आडवा झाला. तुझी उजवी बाजू गेलीये असं समज, तो हात आणि तो पाय तुझा नाही, असं सिस्टरांनी त्याला बजावलं. मग पत्रातल्या बाईनं केलं असेल तसं, चित्र समोर ठेवून, पलंगाच्या उजव्या अंगाला खुर्ची लावली. त्याला कुशीवर वळवलं, पाय खाली सोडले, बसवलं. आपल्याला कुणीतरी असं वळवतंय, हे त्याच्या चेहऱ्यावर उमटत गेलेलं मला दिसलं. मग त्यांनी त्याला उठवलं. खुर्चीचा हात धरायला त्याच्याकडे हात नव्हता, टेकायला पाय नव्हता. तो उजवीकडे कलंडला. सिस्टरांनी एका हातानं कमरेचा पट्टा धरला आणि दुसऱ्या हातानं दंड.

"लागलं?"

"हो."

"मी हळू धरलाय. आणि मी धरून आहे म्हणून तू पडला नाहीस. शिवाय हे इथं उभे आहेत. तिच्याकडे कुणी नव्हतं."

तो पलंगाच्या कडेला बसून राहिला. उजवा हात अजून तसाच मांडीवर पडलेला, उचलायचा विसरल्यासारखा. तो म्हणाला की साडेपाच वर्षांत त्यानं बाबांना एकदाही कुशीवर वळवलं नाही. यायचा तेव्हा बाबा नेहमी खुर्चीत, दाढी केलेले, शर्टाची बटणं लावलेली. त्याला वाटायचं, इतकं काही वाईट नाही. ट्रंक उघडली त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा बघितलं.

सिस्टर त्याच्या शेजारी बसल्या. "ते सांगायचे मला. पोरगा यायच्या आत भिंतीवरची चित्रं उतरव आणि मला बसवून ठेव, म्हणायचे. तासभर लागायचा. मावशी वैतागायच्या."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी शब्द घेतला होता."

ह्या घरात शब्द फार घेतले जातात, असं मला वाटलं.

मुलानं त्याच संध्याकाळी ग्रंथपाल बाईंना फोन केला आणि 'बदल करू नये' ही अट काढून टाकायला सांगितली. नव्या परवान्यात बदलाला मुभा होती. नाव सांगणं राहिलं, आणि काय बदललं ते लिहिणं राहिलं. एकदा दिला की परत घेता येत नाही, हे बाईंनी नियमाप्रमाणे त्याला पुन्हा सांगितलं. माहीत आहे, म्हणाला. मीच वाचून दाखवलं होतं.

महिन्याभरानं त्या बाईनं सगळी शहाऐंशी चित्रं उलटी करून पाठवली. प्रत्येकाच्या वर मोठा बाण होता, गेलेल्या बाजूकडे दाखवणारा, आणि आपल्या जुन्या चित्रांसाठीही तिनं तसेच बाण करून दिले होते. ग्रंथपाल बाईंनी ती छापून आणली. आम्ही चौघं टेबलाभोवती बसलो. खाकी कागदाच्या मागच्या बाजूनं उमटलेल्या बेतण्यांच्या रेघाही उलट्या झाल्या होत्या, कुणा गिऱ्हाईकाच्या कॉलरचं माप आरशात गेलं होतं.

सिस्टरांनी चष्मा लावून पहिलं चित्र पाहिलं आणि कपाळाला हात लावला. आरशात शर्टही उलटा झाला होता. बटणं बायकांच्या शर्टाला असतात त्या बाजूला गेली होती. मास्तर, ज्यांनी आयुष्यभर हजारो पुरुषांना बरोबर बाजूला बटणं लावून दिली, ते शहाऐंशी चित्रांत बायकी शर्ट घालून जगभर फिरणार होते. ग्रंथपाल बाई हसल्या, मी हसलो, सिस्टर डोळे पुसून हसल्या.

मुलगा हसत नव्हता. त्याच्या हातात चहाचं चित्र होतं. मास्तर समोरच्याकडे बघताहेत, साखर कमी झाल्यासारखे, आणि कप त्यांच्या डाव्या हातात आहे. बोटं कपाच्या कानात अडकवलेली, अंगठा वर. तो हात आखडलेला नाही, मांडीवर पडलेला नाही. तो कप धरून आहे.

"कप ह्याच हातात धरायचे ना?" त्यानं विचारलं.

"सगळं ह्याच हातानं," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी चित्र त्याच्याकडून घेतलं, बराच वेळ धरलं, आणि परत त्याच्याकडे दिलं.

त्या बाईला उत्तर मुलानं लिहिलं. अटींबद्दल त्यात अक्षरही नव्हतं. तिच्या वडिलांच्या खांद्याची चौकशी होती, आणि मग एवढंच, की चित्रातला माणूस डावखुरा होता, तुम्ही केलेला बदल बरोबर आहे.

खाली सिस्टरांनी ताजा कलम घातला. बटणं उलट्या बाजूला गेली आहेत, ती तशीच राहू द्या. मास्तरांना कुरकुरायला काहीतरी हवं.